विषयाच्या ओळीत

यंत्रापुढे कुठलंही गुपित फार काळ टिकत नाही, असं आबांचं ठाम मत होतं. सकाळपासून त्यांना चष्मा मात्र सापडत नव्हता.

ऑफिसात त्यांना आबा म्हणत ते पांढऱ्या केसांमुळे. आजचं काम साधं होतं. ग्राहकानं ई-मेल पाठवली की चॅटबॉट उत्तर देतो का, ते तपासायचं आणि संध्याकाळपर्यंत पास-नापास कळवायचं. आबांनी स्क्रीनवरची अक्षरं भोपळ्याएवढी केली आणि बॉटला लिहिलं, 'चष्मा सापडत नाही.'

उत्तर आलं. मजकुराची जागा कोरी. सगळं वर, विषयाच्या ओळीत: 'डोक्यावर बघ.'

चष्मा डोक्यावर होता.

आबा सावरून बसले. अख्खी मेल विषयाच्या ओळीत कोंबणारं माणूस त्यांनी आयुष्यात एकच पाहिलं होतं. ताई. आईमागे तिनंच त्यांना वाढवलं. "अगं, खाली एवढी जागा असते," हे सांगून ते थकले. "पाकिटावरच निरोप कळला तर पाकीट फोडायचं कशाला?" ती म्हणायची. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

योगायोग, असं स्वतःला बजावून आबांनी लिहिलं, 'कोण बोलतंय?'

'कॉलर आत गेलीय तुझी.'

गेली होती.

नियमाप्रमाणे हा दोष. कळवला की दुरुस्त होणार, आणि मग ही उत्तरं बंद. आबांचं बोट 'नापास'च्या बटणाभोवती घुटमळत राहिलं.

तेवढ्यात प्रोग्रामर मुलगी डोकावली. "सॉरी हं आबा, खोळंबलात ना? बॉट अजून जोडलाच नाहीये मी. आत्ता जोडते."

आबांचा हात कॉलरवर गेला.

"आधी जेवून ये."

"अहो, पाचच मिनिटं—"

"उपाशीपोटी जोडलेलं टिकत नाही. जा बरं."

ती हसत गेली. आबांनी घाईघाईनं लिहिलं, 'ताई, बरी आहेस ना?'

'डबा गार होतोय.'

आबा जेवले. नावडती भाजीसुद्धा संपवली.

दुपारी बॉट जोडला गेला. आबांनी लिहिलं, 'जेवलो.'

उत्तर लगेच आलं. खाली, मजकुराच्या जागेत, नीटनेटकं: 'आपला संदेश मिळाला. आम्ही आपल्या सेवेस तत्पर आहोत.'

आबांनी चष्मा पुसला आणि कळवलं: पास.