चाकणचा बर्फ

"तुमच्या गावात बर्फ पडतो का ओ?"

ताथवड्यात, आमच्या कंपनीखालच्या चहाच्या टपरीवर, भर एप्रिलात एक अनोळखी मुलगा मला हे विचारत होता. मी आधीच उन्हानं वैतागलेली. म्हटलं, पडतो ना, आम्ही पोत्यात भरून विकतो. तो हसला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. नकाशात चाकणजवळच्या आमच्या गावचं तळं होतं आणि तळ्याभोवती पांढरी कड. आमच्या कंपनीच्या नकाशांत पांढरा रंग म्हणजे बर्फ.

नकाशा मीच केलेला होता.

मुलाचं नाव गणराज. लातूरचा, तपासणी विभागात नवा, अजून कायम न झालेला. एवढं कळेपर्यंत माझा चहा गार झाला.

वर जाऊन पाहिलं तर त्याचं खरं होतं. आमच्या नकाशात सगळ्या जगाची जमीन बारीक चौकोनांत असते आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा... पडीक साठ, बर्फ सत्तर, पाणी ऐंशी. नकाशा एका मांडणीतून दुसरीत नेताना चौकोन सरकतात. तेव्हा संगणकानं शेजारच्या चौकोनांच्या आकड्यांची सरासरी काढली होती. आदल्या दिवशी मी डोंगरांच्या उंचीचा नकाशा केला होता, तिथे सरासरी चालते. तीच सेटिंग बदलायची मी विसरले. मग जिथे पडीक रान पाण्याला भिडतं तिथे साठ आणि ऐंशीचे सत्तर झाले. राजस्थानातही बर्फ, इजिप्तच्या किनाऱ्यावरही. मला स्वतःचा भयंकर राग आला.

आमचे टीम लीड शेखरसर म्हणाले, नकाशा परवा, शुक्रवारी दुपारी गिऱ्हाइकाकडे जाणार म्हणजे जाणार. पुन्हा करायला चार दिवस लागतील, आणि कडेचे चौकोन कोण बघतंय? गणराजनं या चुकीवर लेखी शेरा दिला होता, तो त्यांनी मागे घ्यायला सांगितलं, नाहीतर कायम व्हायचं विसर म्हणाले. तो मान खाली घालून उभा राहिला. पण मागे घेतो म्हणाला नाही.

"चूक माझी आहे, सर," मी म्हणाले. "शेरा राहू दे. शुक्रवारी बरोबर नकाशा देते. नाही जमलं तर त्याला नाही, मला काढा."

दोन दिवस त्याची खुर्ची माझ्या टेबलाला चिकटलेली होती. नव्या नकाशातल्या प्रत्येक चौकोनाला विचारायचं, तू जुन्यात कुठला? आणि सगळ्यात जवळच्याचा आकडा जसाच्या तसा उचलायचा. पण अब्जावधी चौकोनांना ते किचकट गणित लावलं तर चार दिवस लागणारच. गणराज म्हणाला, नकाशाचे तुकडे पाडू, नेमकं गणित प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवरच करू, आतल्या चौकोनांच्या जागा प्रमाणात भरू. मध्यावर तपासू, आणि चूक पाव चौकोनाच्या वर गेली तर तुकडा अजून लहान करू. म्हणजे जागेचा अंदाज चालतो, आकड्याचा नाही, मी चिडवलं. तो माझ्याकडे बघून हसला... आणि मी ध्रुवाजवळचे तुकडे चुकीचे कापले. दोनदा.

शुक्रवारी साडेअकराला नकाशा गेला. बर्फ फक्त बर्फाच्या जागी होता. शेखरसरांनी गणराजच्या कायम व्हायच्या कागदावर सही केली.

पुन्हा टपरी. मी विचारलं, तपासायला जगातल्या हजार जागा होत्या, त्यात आमचंच तळं कसं आलं?

बिस्किट चहात धरून तो थांबला. "नऊशे नव्व्याण्णव मशीननं निवडल्या. एक मी. तुमच्या टेबलावर तळ्याचा फोटो आहे ना, खाली गावाचं नाव... महिनाभर तोच बघायलो होतो. तळं, आणि — तुम्हाला."

बिस्किट बुडालं. माझे कान तापले.

"रविवारी तळं बघायला ये," मी म्हणाले.

पंचक्रोशीबाहेरचा जावई माझ्या वडिलांना, अप्पांना चालत नाही, हे त्या दोन दिवसांत माझ्या बोलण्यातून त्याला कळलं होतं. त्यानं हळूच विचारलं, "घरी काय सांगायचं? ऑफिसातला मित्र... असं काहीतरी मधलं?"

"मधलं काही नको. साठ-ऐंशीचं मधलं काढलं की काय होतं, बघितलंस ना?"

मी तिथूनच फोन लावला. "अप्पा, रविवारी एक मुलगा जेवायला आणतेय. लातूरचा आहे. मला आवडतो."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग अप्पा म्हणाले, "आपल्यात असलं चालत न्हाई, पोरी."

"माहीत आहे. तरी आणणार."

मी फोन ठेवला. गणराजनं माझा हात धरला, भर टपरीवर, सगळ्या ऑफिसासमोर. मी सोडवला नाही.