श्वास घेणारा बाहुला

सरावखोलीतल्या पलंगावर नवा बाहुला निजलाय, असंच तोरुनबाईंना वाटलं. श्वास घेणारा, नाडी लागणारा बाहुला येणार, हे आठवडाभर कानावर होतं. त्यांनी अकरा मुलींना भोवती उभं केलं, त्याचं मनगट धरलं, छातीवर लावलेल्या घड्याळाकडे पाहत मोजलं आणि म्हणाल्या, "शहाण्णव. यंत्र बिघडलेलं दिसतंय."

"मघापर्यंत बहात्तर होते," बाहुला डोळे मिटूनच म्हणाला, "...तुम्ही हात धरेपर्यंत."

मुली हसून हसून वाकल्या. तो शेटिल होता, बाहुला बसवायला आलेला कारागीर. वरच्या कॅमेऱ्यात पलंग नीट दिसतो का, ते पाहायला आडवा झाला होता. खरा बाहुला अजून खोक्यातच होता.

आमच्या फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, नर्सिंग शाळेत तोरुनबाईंनी वीस वर्षांत पुष्कळ उलथापालथ पाहिली. वॉर्डातलं शिकवणं वर्गात आलं, वह्या जाऊन संगणक आले. दर वेळी त्या मुलींच्या आधी स्वतः विद्यार्थिनी झाल्या. आता शाळाच बर्गनच्या मोठ्या कॉलेजात मिसळणार होती. तीन आठवड्यांनी परीक्षक येणार होते. बाहुल्यावर धडा घेता आला तर बर्गनची जागा, नाहीतर घरी.

तास संपले की शेटिल त्यांना शिकवायला बसे. सोबत थर्मासमधली कॉफी आणि तपकिरी चीज लावलेला पाव. बाहुला चालवायच्या स्क्रीनवर बोट चुकीच्या जागी पडलं की तो मरे. पहिल्याच आठवड्यात तो नऊदा मेला. शेटिल म्हणे, बाई, एवढ्या खुनांवर पोलीस येतील. त्या म्हणत, आधी गुरू बदलून बघते. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. बाहुल्यातही रोज काहीतरी बिघाड निघे आणि शेटिलचा मुक्काम लांबे. 'बाई'चं 'तोरुन' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी तो हळूच म्हणाला, "उद्या मी शेजारच्या खोलीतल्या काचेमागून बाहुला चालवतो ना... कुणाला कळणार नाही."

"माझ्या मुली खऱ्या माणसापाशी उभ्या राहतील, तेव्हा काचेमागं कोण असेल?"

त्यानं स्क्रीन पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी अर्धा धडा सुरेख झाला आणि बाईंचं बोट घसरलं. बाहुल्याचा श्वास थांबला. खोलीत फक्त खिडकीवरच्या पावसाचा आवाज. काचेमागं शेटिलचा हात बटणाकडे गेला... आणि त्यानं तो मागे घेतला.

"चूक माझी," बाई शांतपणे म्हणाल्या. "औषध दहापट गेलं. मुलींनो, हे तुमच्या हातून झालं तर आधी काय कराल?"

एक मुलगी अडखळत म्हणाली, आधी रोगी सांभाळायचा, मग लगेच सांगायचं, लपवायचं नाही. बाईंनी तिलाच पुढे बोलावलं. मुलींनी आळीपाळीनं छाती दाबली, बाहुल्याला श्वास आला. परीक्षक लिहायचं थांबवून बघत राहिले होते. बर्गनची जागा बाईंना मिळाली.

शनिवारी शेटिलची बोट उत्तरेला निघाली. तिकडच्या शाळेत दुसरा बाहुला बसवायचा होता. धक्क्यावर भुरभुर पाऊस होता. बॅग खाली ठेवून तो म्हणाला, "तोरुन, तू तुझी चूक सगळ्यांसमोर सांगितलीस. माझीही एक आहे. बाहुला चार दिवसांत बसवून झाला होता. पुढचे सगळे बिघाड... मीच मुद्दाम करत होतो. इथं राहायला मिळावं म्हणून."

बाईंनी त्याच्या कॉलरवरचं पाणी झटकलं. हात मात्र तिथंच राहिला.

"पुन्हा होईल ही चूक?"

"बर्गनला आलो तर... होणारच."

"मग लवकर ये."