पल्लवीची लय

सांगलीच्या सुरक्षा प्रयोगशाळेत त्या सकाळी एक कुलूप चुकीच्या माणसाला उघडलं, आणि ते पाहून डॉ. केतकी पाटणकर टाळ्या वाजवायच्याच काय त्या राहिल्या.

कुलूप मिरजेच्या गोडबोले आजींच्या फोनचं. चाचणीसाठी आजोबांना त्यावर एक साधं वाक्य टंकायला सांगितलं होतं. त्यांनी ते टंकलं, आणि फोन निमूटपणे उघडला.

"अगंबाई," आजी म्हणाल्या, "म्हणजे आता ह्यांना माझं सगळं वाचता येणार?"

आजोबांना ऐकू आलं नाही, पण आजींच्या तोंडाकडे बघून ते खुशीत हसले.

दोघं चहाला गेल्यावर रेहाना तांबोळीनं खुर्ची पुढे ओढली. रेहाना गणिताची, केतकी मेंदूच्या आणि हातांच्या हालचालींची अभ्यासक. टंकणाऱ्या बोटांच्या लयीवरून माणूस ओळखणारं हे लयकुलूप या दोघींचं. "तू हसतेयस कशाला? कुलूप दुसऱ्यानं उघडलं की त्याला आमच्याकडे चोरी म्हणतात."

"दुसरा कुठला? नवरा आहे तिचा."

"कुलपाला लग्नाचं काय कळतंय?"

"लग्नाचं नाही कळत. लयीचं कळतं." केतकीनं पडद्यावर दोन रेषा काढल्या. "हे बघ. पासवर्ड लोक विसरतात, सगळीकडे एकच ठेवतात, फोनवर कुणी गोड बोललं की सांगूनही टाकतात. बोटांची लय सांगता येत नाही. कुठल्या अक्षरानंतर किती थांबायचं, हात कुठं अडखळतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक नसतं. पण वय झालं, सांधे आखडले, की लय बदलते. म्हणून आपलं कुलूप माणूस जे जे टंकेल त्यातून रोज थोडं नव्यानं शिकतं."

"ते मीच लिहिलंय. पुढे?"

"आजोबांना ऐकू येत नाही. म्हणून ही दोघं एकाच घरात, या खोलीतून त्या खोलीत, दिवसभर एकमेकांना मेसेज करतात. शेजारी चालणाऱ्यांची पावलं नकळत जुळतात ना, तशी यांची बोटं जुळली. दोन्ही रेषा एकमेकींकडे सरकल्यात. याला मी नाव दिलंय, ओढ. गेल्या परिषदेत यावरच बोलले होते."

"नाव छान आहे. भोक मोठं आहे."

"म्हणून तर साक्षीदार ठेवलाय."

साक्षीदार ही दुसरी पायरी. महत्त्वाचं दार उघडताना लय जुळली तरी आधीच नेमलेल्या एका माणसाच्या फोनवर प्रश्न जायचा: अमुक जण दार उघडत आहे, हो की नाही? त्यानं 'हो' दाबल्याशिवाय दार हलायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं दार लयकोठाराचं. जिल्हाभरातल्या माणसांच्या लयी तिथं साठवलेल्या होत्या, आणि ते फक्त केतकीच्या लयीनं उघडायचं. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो; बोटं कुठून बदलून आणायची? केतकीचा साक्षीदार होता तिचा नवरा अभिराम, व्यवसायानं दातांचा डॉक्टर.

संध्याकाळी अभिराम अंघोळीला गेला होता आणि त्याचा फोन जेवणाच्या टेबलावर होता. केतकीनं तो सहज उचलला. निदान स्वतःला तिनं तसंच सांगितलं. गोडबोले आजोबांचंच वाक्य टंकलं.

'आपली ओळख पटली नाही,' फोन म्हणाला.

तिनं पुन्हा टंकलं. ओळख पुन्हा पटली नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेलेल्या बाईला एका यंत्रानं हे असं तोंडावर सांगावं! ओढ हा शब्द तिचा, नियम तिचा, आणि त्या नियमानं पाहिलं तर तिच्या नवऱ्याच्या बोटांत तिचा मागमूस नव्हता. मग कुणाचा होता?

उत्तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच मिळालं. तिथं घरपाटी होती, गॅस नोंदवायला, वीजबिल भरायला, पाककृती बघायला लावलेला सामाईक पडदा. दिवाळीत फराळाचे फोटो बघायला अभिरामनं आपलं मेसेजचं खातं त्यावर उघडलं होतं आणि बंद करायचं विसरला होता. 'सामाईक पडद्यावर खातं उघडं टाकू नका' हे केतकी महिला मंडळांत जाऊन सांगायची. घरचं खातं उघडं आहे हे तिनं तेव्हाच पाहिलं होतं. बंद करायला गेलेला हात त्या दिवशी मागे घेतला होता, एवढंच.

आता ती पोळ्या लाटता लाटता वाचू लागली. पल्लवी कारखानीस. शाळेतली वर्गमैत्रीण म्हणे. हल्ली समोरचा टंकत असतानाच अक्षरं पडद्यावर उमटत, त्यामुळे बाईंची सगळी नखरेल चाल डोळ्यांसमोर दिसायची. चार अक्षरं झरझर, मग थांबा. शेवटच्या शब्दाआधी तर हमखास थांबा, पदरानं ओठ टिपून घेतल्यासारखा.

'सहलीत तू मला तुझी टोपी दिली होतीस, आठवतं … ना?'

'हो,' अभिरामनं उत्तर दिलं.

'किती रे साधा तू, अजून तसाच … आहेस?'

'बरं.'

'आजचा फोटो … पाहिलास?'

'छान.'

त्या 'छान'वर केतकीची पोळी करपली.

"ही पल्लवी कोण?" तिनं जेवताना विचारलं.

"शाळेतली आहे. म्हणजे, ती तसं म्हणते. मला काही आठवत नाही."

"टोपी दिली होतीस ना?"

"दिली असेल. मी कुणालाही काहीही द्यायचो."

"आठवत नाही, मग उत्तरं कशाला देतोस?"

"वाईट वाटेल ना तिला." अभिरामनं आमटी भुरकली. "तुला कसं कळलं?"

"भिंतीवर लिहिलंय," केतकी म्हणाली. त्याला ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं साक्षीदार म्हणून त्याचं नाव काढलं आणि रेहानाचं घातलं.

"भांडलात?" रेहानानं विचारलं.

"छे. घरचा माणूस साक्षीदार नको, असा नियम आहे."

"कधी झाला हा नियम?"

"आज."

मग सुरू झालं ते वेडावणं. भाजी शिजेपर्यंत केतकी आपल्या फोनवर पल्लवीची वाक्यं टंकायची, अगदी तिच्या चालीत. झरझर, थांबा, झरझर, ओठ टिपायचा तो लांब थांबा, आणि 'ना?'. लहानपणी चुलतबहिणीला अशीच वेडावून रडवायची. मन भरलं की सगळं पुसून टाकायची. पाठवलं कुणालाच नाही, मग धोका कसला? तिला त्यात भलतंच बरं वाटू लागलं. हळूहळू पल्लवी पुढे काय लिहिणार हेही अक्षरं उमटण्याआधी कळू लागलं. भाजीवाल्याला 'कोथिंबीर पाठवा' लिहितानासुद्धा 'पाठवा'च्या आधी बोट थांबलं, तेव्हा ती स्वतःशीच हसली.

श्रावण लागला. एका दुपारी दोघी प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये बसल्या होत्या. केतकीनं चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. रेहानाचा फोन टेबलावर थरथरला. तिनं वाचलं, केतकीकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"केतकी, तुझे हात कुठं आहेत?"

"पेल्यावर. का गं?"

रेहानानं फोन तिच्यापुढे सरकवला. 'केतकी पाटणकर लयकोठार उघडत आहेत. लय जुळली आहे. हो की नाही?'

रेहानानं 'नाही' दाबलं. मग दोघी चहा तिथंच टाकून धावल्या.

आलेल्याची लय पडद्यावर काढली. केतकीनं त्या रेषेवरून बोट फिरवलं. चार अक्षरं झरझर. शेवटच्या शब्दाआधी थांबा.

"ही पल्लवी आहे."

"कोण पल्लवी?"

सगळं सांगून होईपर्यंत केतकीचा आवाज चढला होता. "अभिरामनंच आत घेतलं तिला! बोटं जुळल्याशिवाय का अशी सलगी होते? तू त्याचा फोन तपास, त्याचं कुलूप तिला सताड उघडेल."

दवाखान्यातून अभिरामला बोलावून घेतलं. तो हातमोजे खिशात कोंबत आला. रेहानानं पल्लवीची लय त्याच्या फोनला ऐकवली.

'आपली ओळख पटली नाही.'

"याच्यावर ओढीचा ओरखडासुद्धा नाही," रेहाना म्हणाली. "हा पहिल्या दिवशी जसा एका बोटानं लिहायचा, तसाच आज लिहितो. आता तुझा दे."

केतकीचा फोन पल्लवीला लगेच उघडला.

रेहानानं दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले.

"आपण लिहून ठेवलं की ओढ मायेनं लागते," ती म्हणाली. "चुकलो आपण. ओढ लक्षानं लागते. तासन्तास एकाच माणसाच्या बोटांकडे कोण बघतं? प्रेमात असलेलं तरी बघतं का इतकं? तू तर वर सरावही केलास. त्या चोराला अभिराम नकोच होता. अभिरामचं खातं घरपाटीवर उघडं आहे आणि मेसेज तिथंच वाचले जातायत हे त्याला दिसत होतं, तुझं परिषदेतलं भाषण त्यानं ऐकलं असणार. तो एकाच चालीनं लिहीत राहिला आणि तू चालत चालत त्याच्यापर्यंत येशील याची वाट बघत बसला."

"तो?" अभिराम दचकला. "अरे हो, आमच्या वर्गात कारखानीस होता. पण तो मुलगा होता."

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" केतकी ओरडली.

"तू विचारलं नाहीस. टोपीचंच विचारलंस."

"आणि याच्या फोननं मला का ओळखलं नाही?" केतकीनं रेहानाकडे वळून विचारलं. आवाज आता पार खाली आला होता.

"तुम्ही एकमेकांना कधी लिहिता का?"

"कशाला लिहू? हाक मारते की."

"मग लय लागणार कशी?" रेहानानं खांदे उडवले.

अभिराम अजून साक्षीदाराच्या प्रश्नाकडे बघत होता. "हे माझ्या फोनवर आलं असतं तर?"

"न वाचता 'हो' दाबलं असतंस."

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "हो."

कोठार वाचलं, पण केतकीचं कुलूप बाद झालं. तिच्या बोटांतून पल्लवी निघेपर्यंत तिला कुठलंच दार मिळणार नव्हतं. रेहानानं उपाय सांगितला: ओढीवर ओढच चालेल. दुसऱ्या कुणाला तरी रोज लिही, भरपूर लिही. "घरातच माणूस आहे," ती म्हणाली आणि मुद्दाम पडद्याकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी केतकीनं घरपाटीवरचं खातं आधी बंद केलं. अभिराम बाहेरच्या खोलीत, हातात फोन धरून, आज्ञाधारकपणे वाट बघत बसला होता. तिनं स्वयंपाकघरातून लिहायला घेतलं. नवऱ्याला पहिला मेसेज. काय लिहायचं ते सुचेना, म्हणून जे रोजचं तेच:

'पानं घेतलीत, जेवायला …'

बोट थांबलं. शेवटच्या शब्दाआधी, ओठ टिपल्यासारखं.

केतकी त्या थांब्याकडे बघत राहिली. बाहेरच्या खोलीत तीच अक्षरं त्याच चालीत अभिरामच्या डोळ्यांपुढे उमटत होती. आज तो लक्ष देऊन बघत होता. बायकोचं पहिलंच पत्र म्हणून एक अक्षर सोडत नसणार. म्हणजे ती अशीच लिहीत राहिली, तर थोड्याच दिवसांत त्याच्या बोटांत पल्लवी उतरणार, आणि तिला तिथं नेऊन बसवणारी बाई असणार केतकी स्वतः.

तिनं वाक्य पुसलं. रेहानाला लिहीन, भाजीवाल्याला लिहीन, तिनं ठरवलं. याला नाही. फोन डब्यांमागे सरकवला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ती ओरडली:

"अभिराम! जेवायला ये!"

"हो!" तिकडून उत्तर आलं, आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाजही.