टाकीवरची सोनेरी रेघ

"अहो, गोणपाट? त्यापेक्षा पॉलिश पेपरच बांधायचा होता की!"

रुमाईसाने मान वर केली. लोहगडवाडीच्या चढावर, दाट धुक्यात तिची मोटारसायकल उभी होती. पेट्रोलच्या टाकीवर बांधलेला खारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा दोरीतून निसटून एका अंगाला लोंबत होता आणि तो एका हाताने सावरताना तिचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यात हा कोण शहाणा? स्कूटर बाजूला लावून, ओल्या केसांतून पाणी निथळत असताना उभा राहून चक्क हसत होता...

"मदत करायची असेल तर डबा धरा. अक्कल नंतर शिकवा."

त्याने निमूट डबा धरला. डब्याखालचं गोणपाट तिने ओढून काढलं आणि तो हसायचा थांबला. बाटलीसारखा गर्द हिरवा रंग, त्यावर वाकत वाकत गेलेली एक बारीक सोनेरी रेघ.

"ही... हाताने मारलीय?"

"अब्बांनी."

एके काळी लोणावळ्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या मेहबूब पेंटरनेच रंगवल्या होत्या. ही गाडीही त्यांनीच रंगवली, स्वतःच्या हौसेसाठी. आता त्यांचा हात थरथरायचा. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायचा. मामूच्या बेकरीची खारी-नानखटाई टपऱ्यांवर पोचवायला म्हणून गाडी लेकीच्या ताब्यात देताना ते एवढंच म्हणाले होते, "रंग सांभाळ, बेटा. आता परत व्हायचा नाही."

त्या मुलाचं नाव रमीज. कामशेतला त्याचं सीट-कव्हरचं दुकान होतं. त्याने पिशवीतून मऊ फलालीन काढून डब्याखाली घातलं आणि दोरी नव्याने आवळली.

"थँक्यू," ती म्हणाली.

"थँक्यू नको. एक खारी द्या."

पुढच्याच आठवड्यात त्याने टाकीच्या मापाची गादी शिवून दिली. वर रेक्झिन, मध्ये फोम, खाली फलालीन. घोड्यावर खोगीर बसावं तशी ती टाकीवर बसायची. बांधायला रुंद पट्टे. "लोखंडी आकडे अजिबात नकोत," तो म्हणाला. "आकडा सुटला की रंग गेलाच म्हणून समजा."

मग कधी पट्टा सैल व्हायचा, कधी शिवण उसवायची. रुमाईसाला कामशेतला जावंच लागायचं... म्हणजे, ती तसं सांगायची. लोहगडवाडीत टपरी चालवणाऱ्या झुंबरबाईंनी एकदा गादी उलटीपालटी करून पाहिली.

"गादी लय झ्याक हाय गं पोरी. पर दर आठवड्याला उसवतीया कशी?"

"दोरा कच्चा आहे, मावशी."

"व्हय व्हय. दोराच आसंल!"

रुमाईसाने खारी मोजण्यात डोकं घातलं.

प्रत्येक दुरुस्तीनंतर ती थँक्यू म्हणायची आणि रमीजचं तोंड वाकडं व्हायचं.

"किती वेळा म्हणाल? मी काय बँकेत बसलोय?"

"मग काय म्हणायचं?"

"काही नाही. आमच्याकडे घरच्या माणसाला कुणी थँक्यू म्हटलं ना, तर अम्मी विचारते, का रे, भांडण झालं का?"

"मी कुठे तुमच्या घरची?"

तो सुईत दोरा ओवत राहिला. दोरा काही ओवला जाईना... "थँक्यू," ती मुद्दाम म्हणाली आणि तिने किक मारली. कान मात्र तापले होते.

आणि मग एका शुक्रवारी गादी काढून टाकी पुसताना ती थबकली. वळणावर दोन बोटं रेघ नाहीशी झाली होती. गादीखाली पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्याची कच शिरली होती आणि प्रत्येक खड्ड्यागणिक रंग घासला गेला होता.

ती तशीच कामशेतला गेली. "बघा. तुमच्या गादीने काय केलं ते."

रमीजने रेघेवर वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "रोज काढून पुसायला सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही. चूक माझी आहे." त्याने सामानाची पिशवी उचलली आणि शटर ओढलं.

"कुठे निघालात?"

"मेहबूबचाचांकडे. मी सांगतो त्यांना."

"वेड लागलंय का? मी अजून दाखवलेलंसुद्धा नाही!"

"म्हणून तर."

अंगणात अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. रेघ जिथे तुटली होती तिथे बोट ठेवलं. ते बोटही थरथरत होतं. रुमाईसाला तिकडे बघवेना.

"नवी मारायला पाहिजे," ते म्हणाले. "पण या हाताने?"

रमीजने त्या हाताकडे पाहिलं. "चाचा... मनगट टेकायला काही मिळालं तर?"

उत्तराची वाट न बघता त्याने पायरीवर बसकण मारली. गादीतला फोम काढून झटकला, घट्ट गुंडाळला, वर कोरं फलालीन शिवलं. टाकी पुसून तो छोटा लोड त्याने पट्ट्यांनी तिच्यावर आवळला. अब्बांनी त्यावर मनगट टेकवलं. थरथर थांबली नाही, पण निवली.

"रुमाईसा, माझा ब्रश आण."

तिने रंगाची डबी धरली, रमीजने त्यांचं कोपर. अब्बांनी श्वास रोखला. तुटलेल्या टोकापासून सोनेरी रंग हळूहळू पुढे सरकला, वळला आणि पलीकडच्या टोकाला जाऊन मिळाला.

"मध्ये जरा हललीच," ते म्हणाले. पण ते हसत होते आणि डोळे भरून आले होते. "किती वर्षांनी ब्रश धरला रे... पोरा, जेवल्याशिवाय जायचं नाही."

रुमाईसाला रडू आवरेना. आज तिला सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटत होते. अल्लाचे, पावसाचे, अगदी त्या मेल्या कचेचेसुद्धा.

जेवण झाल्यावर ती त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. झाडांवरून थेंब गळत होते. तो स्कूटर काही सुरू करेना.

"आता काय राहिलं?"

"वाट बघतोय. एरवी पट्टा आवळला तरी थँक्यू म्हणता. आज एकदाही नाही?"

तिने बोटाला लागलेला सोनेरी रंग अंगठ्याने चोळला. तो निघाला नाही.

"नाही म्हणणार," ती हळूच म्हणाली. "घरच्या माणसाला कुणी म्हणतं का?"

रमीजने हेल्मेट घातलं, ते उलटं. काढून पुन्हा घातलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो घाईघाईने म्हणाला, "थँक्यू."

रुमाईसा खळखळून हसली.

"का रे? भांडण झालं का आपलं?"