चार बोटं उंच

कुंदनच्या घरात शिरताना पहिल्याच दिवशी मी चौकटीवर कपाळ आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मागून हसू ऐकू आलं.

"वाकून या ना मॅडम! आमच्याइथं दार ठेंगणंच असते."

समुद्रपूरजवळच्या त्या गावात मी मातीची घरं मोजायला गेले होते. आयर्लंडच्या खेड्यांतली जुनी घरं शिकायला मला दोन वर्षांसाठी जायचं होतं. त्याआधी आपली तरी नीट पाहावीत म्हणून. कुंदन मागच्या अंगणात नवं घर बांधत होता. गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, घालून माती तुडवायची, हातभर उंचीचा थर लावायचा आणि मग... नुसतं बसायचं!

"आता काय?"

"आता वाळू द्या लागते. ओल्यावर थर चढवला का भिंत खाली बसते."

"तिकडे आयर्लंडातही अशीच थराथरानं चढवतात."

"म्हंजे तिथं बी सबूर पायजे. तुमचं कसं होईन?"

सबूर माझ्याकडे नव्हतीच. मोजमापं चौथ्या दिवशी संपली होती, तरी मी रोज एसटीनं येत होते. मोजलेलंच पुन्हा मोजायचे, तो टेपचं टोक धरायचा, बोटाला बोट लागायचं — आणि हा गृहस्थ पुढे एक शब्द बोलेल तर शपथ!

शेवटच्या दिवशीही तो गप्पच. मी चिडून ओल्या थरावर मातीचे गोळे थापले. भिंतीनं तिथल्या तिथे पोट काढलं.

"हे काऊन केलं?"

"कारण मी परवा निघाले! काही बोलायचं असेल तर आज बोल. वाळायची वाट नको पाहू!"

तो उठला. दारासाठी सोडलेल्या जागेत त्यानं नवी चौकट उभी धरली. "यातून जाऊन दाखव."

सवयीनं मी वाकले.

"वाकू नको ना!"

ताठ चालत गेले. डोक्यावर चार बोटं जागा उरली.

"आमच्या घरात एवढं उंच कोणीच नाई, समीक्षा," तो खाली पाहत म्हणाला. "तुह्या कपाळाले लागलं नं, त्याच दिवशी सुताराले माप देऊन आलतो."

पहिल्याच दिवशी! आणि मी पंधरा दिवस जीव टांगणीला लावून...

"मंग बोलला काऊन नाई?" माझ्याही तोंडून तसंच निघालं.

"तुले जायचं आहे. अडवल्यासारखं झालं असतं."

मला रडू आलं, हसूही आलं. "दोन वर्षं लागतील, कुंदन."

"लागू दे. जाजो तू. मी आहो."

मी मातीचे हात तसेच त्याच्या हातावर ठेवले. "मी बिघडवलेली भिंत तरी आधी पाड."

"नाई," तो म्हणाला. "तेवढा तुकडा राहू देतो. परत येऊन तूच नीट करजो."