डोंगरावरून येणारी ओ

प्लोव्हदिव्ह शहरातल्या आरोग्य खात्याच्या कचेरीत नेव्हेनाचं काम साधं होतं. जिल्ह्यातल्या दवाखान्यांचे सर्व्हर जागे आहेत ना, एवढं पडद्यावर बघत बसायचं. तिचा संगणक दर मिनिटाला प्रत्येक सर्व्हरला हाक द्यायचा. ओ आली की हिरवा ठिपका, नाही आली की लाल.

त्या दुपारी एक ठिपका कायमचा विझायचा होता. रोदोपीच्या डोंगरातलं क्षयरोग्यांचं जुनं आरोग्यधाम विकलं गेलं होतं. तिथल्या सर्व्हरवर रोग्यांची माहिती होती, बहुतेक मेलेल्यांची. प्रत ठेवायची नाही, सगळं पुसून टाकायचं, असा वरून हुकूम होता. ते यंत्र आणायला तिचा सहकारी ओग्न्यान सकाळीच गाडी घेऊन वर गेला होता.

त्याचा फोन आला. "ताई, वायरी उपटल्या. लाल झाला?"

"नाही रे, हिरवाच आहे."

"चष्मा पूस."

"पुसला. ओ देतोय अजून."

"अगं, यंत्र माझ्या काखेत आहे!"

त्या सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता चुकून दुसऱ्या कुठल्या यंत्राला दिला गेलाय का, तेही तिनं तपासलं. नव्हता.

ओ परत यायला किती वेळ लागला, तो आकडाही पडद्यावर दिसे. डोंगरावरून ओ नेहमी रेंगाळत यायची. आता ओग्न्यान घाट उतरू लागला, तसतशी ती लवकर येऊ लागली. नेव्हेनानं त्याला फोन लावला.

"गाडी थांबव. यंत्र तिथंच बर्फात ठेव."

"साहेब सोलून काढतील मला."

"ठेव म्हणते ना!"

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग वारा.

"ठेवलं... ताई, मागं कुणीतरी खोकलं."

"गाडीत बस. वळून बघू नकोस."

यंत्र मागं राहिलं, ओ मात्र जवळ येतच राहिली. शेवटी नेव्हेनानं त्या सर्व्हरला हाक मारणंच बंद केलं. तरी ओ येत होती. न विचारता, एकीमागून एक.

दिवेलागणीला ओग्न्यान आत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"चहा टाकू?" तिनं विचारलं.

"टाक." मग अगदी हळू म्हणाला, "जिन्यात ही माणसं कुणी बसवली?"

"कुठली माणसं?"

"म्हातारी आहेत... पोरंही आहेत. खाली रस्त्यापर्यंत. सगळी अनवाणी. ताई, त्यांच्या पायांना बर्फ आहे... आणि तो वितळत नाहीये."