शंकासुराचं मोजमाप

त्याचा एक बूट कचऱ्याने गिळला होता आणि तो एका पायावर उभा राहून शांतपणे आजूबाजूला बघत होता.

शहराचा कचराडेपो ही काही फिरायला यायची जागा नव्हे. संध्याकाळचा वारा सुटलेला, डोक्यावर घारी, आणि हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून टेकाडाच्या माथ्यावर! मी खालूनच ओरडले, "अहो, हलू नका! तिथे भुसभुशीत आहे!"

"हलायचा विचारच नाहीये," तो वरून म्हणाला. "पण असं फार वेळ उभं राहता येईल असंही वाटत नाही..."

मी वर गेले, हात दिला आणि त्याला ओढून काढलं. बूट गेला तो गेलाच. माझ्या जीपमध्ये रबरी बुटांचा एक जोड पडला होता, तो त्याला दिला. दोन्ही बूट डाव्या पायाचे निघाले. ते घालून तो बदकासारखा चालायला लागला, तेव्हा मला हसू आवरेना.

"हसा, हसा," तो म्हणाला. "तुमच्या जागी मीही हसलो असतो."

डोळे छान होते त्याचे. तेवढ्यात त्याने विचारलं, "या लाल खुणा कसल्या?" आणि मी सुटले. मी घनकचरा विभागात इंजिनिअर. या विषयावर मला कुणी काही विचारलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. पूर्वी हा डेपो गावाबाहेर होता. शहर वाढत वाढत त्याला वळसा घालून पुढे गेलं आणि डेपो शहराच्या पोटात आला. आत कचरा कुजतो, त्याचा गॅस होतो. तो हवेत गेला की पृथ्वी तापवतो आणि उन्हाळ्यात इथेच पेट घेतो. म्हणून लाल खुणेच्या जागी पाइप खाली सोडायचे, गॅस ओढून घ्यायचा आणि त्यावर वीज करायची.

"आणि पैसे?" त्याने विचारलं.

"हवामान निधीकडे अर्ज केलाय. पण निधी मिळो न मिळो, आम्ही हे करणारच! काळ्या दगडावरची रेघ!"

तो थांबला. "पैसे नाही मिळाले तरी?"

"तरीही!" मी छाती फुगवून म्हणाले.

त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं... कौतुक होतं की कीव, कळलं नाही. मी त्याला मोठ्या रस्त्याला सोडलं आणि गुणगुणत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या बैठकीच्या खोलीत, टेबलाच्या मुख्य खुर्चीत बसला होता.

"हे निधीचे परीक्षक," आमचे साहेब म्हणाले. "यांच्या अहवालावरच सगळं."

निधीचा पहिला नियम मला तोंडपाठ होता. त्यांच्या पैशांशिवाय जे होणारच नाही, त्यालाच ते पैसे देतात. शहर तसंही करणारच असेल, तर त्यांनी कशाला खिसा सैल करायचा? आणि मी बहाद्दर कालच ते त्याच्यासमोर काळ्या दगडावर कोरून आले होते!

त्याने वही उघडली. "पहिला प्रश्न. पैसे मिळाले नाहीत, तर हे काम तसंही झालंच असतं का?"

साहेबांनी कॉलर सरळ केली. "आमचं शहर म्हणजे, कुणाच्या तोंडाकडे बघणारं—" मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. "—म्हणजे, तसं गरीबच आहे हो," साहेबांनी कसंबसं वाक्य पुरं केलं.

परीक्षकाने मान खाली घातली. ओठांचे कोपरे थरथरले असावेत. कालचं मात्र तो चकार शब्द बोलला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

बैठक संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं. "काल मी जे बोलले ना... ती नुसती तोंडची वाफ होती."

"वाफ मोजायलाच आलोय मी," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून गंभीर झाला. "खरं सांगा. पैसे नाही आले तर?"

"तर वरून माती टाकतील आणि विसरून जातील. उन्हाळ्यात परत पेटेल. आमचं घर डेपोला लागून आहे. गेल्या आगीत आईला धुराचा इतका त्रास झाला की ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर म्हणालेत, पुन्हा असं झालं तर..."

"हे काल का नाही सांगितलंत?"

"अनोळखी माणसापुढे कोण रडतं?"

"बढाई मारण्यापेक्षा ते बरं होतं," तो म्हणाला, पण इतक्या हळुवारपणे की मला रागसुद्धा आला नाही.

मग मोजणी सुरू झाली. तो यंत्र घेऊन पुढे, मी नकाशा घेऊन मागे. त्याला प्रत्येक गोष्टीची शंका. हा आकडा कशावरून? इथे गॅस जास्त का? तिथे कमी का? मी त्याचं नाव शंकासुर ठेवलं आणि एकदा ते चुकून तोंडावरच म्हटलं.

"शंकासुर?" त्याने वळून पाहिलं. "आणखी कोणकोणती नावं ठेवलीत मला?"

"बाकीची अजून ठरायचीत."

"ठरली की कळवा. मला शंका राहायला नको."

बारीक पावसाची एक सर आली, तेव्हा आम्ही दोघं एका पत्र्याकडे धावलो. त्याने यंत्र माझ्याकडे दिलं, स्वतः बाहेर भिजत राहिला. म्हणाला, यंत्र महाग आहे. यंत्र माझ्या हातात होतं आणि पत्रा दोघांना पुरेल एवढा होता, पण हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

शेवटची खूण आमच्या कुंपणापाशी होती. आईने त्याला ओढूनच घरात आणलं आणि पुढ्यात चहा ठेवला.

"काय मोजता हो तुम्ही?" आईने विचारलं.

"गॅस मोजतो, काकू."

"आमच्या हिच्याकडे बघून?"

त्याला इतका जोराचा ठसका लागला की आईलाच उठून पाणी द्यावं लागलं. मी स्वयंपाकघरात पळाले. कान गरम झाले होते आणि खरं सांगायचं तर मी खूश होते. फार वर्षांनी खूश होते.

ती खुशी दुसऱ्याच दिवशी उतरली. ऑफिसमध्ये माझ्यामागे कुणीतरी, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं, "परीक्षकाला घरी चहा पाजला की आकडे गोड होतात म्हणे."

एक तक्रार, निधीकडे एक निनावी फोन, आणि आमचा अर्ज केराच्या टोपलीत. मग उन्हाळा, मग आग, मग आई... मी सरळ डेपोवर गेले.

"उद्यापासून माझ्याऐवजी दुसरं कुणी येईल तुमच्याबरोबर," मी म्हणाले.

"माझं काही चुकलं का?"

"चुकायच्या आधीच सांगतेय."

तो यंत्रावर वाकला. "एक विचारू? हे काम नसतं, हा डेपो नसता... आपण कुठे भलतीकडेच भेटलो असतो, तर तुम्ही माझ्याशी बोलला असता? तसंही?"

'नाही' म्हणायला हवं होतं. "मोजा तुम्ही," एवढंच म्हणून मी पाठ फिरवली. डोळे भरून आले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

समितीची बैठक ठरेपर्यंत पाऊस मागे पडला होता आणि ऊन तापायला लागलं होतं. त्याच आठवड्यात डेपोच्या एका कडेला धूर दिसला होता. आईने श्वासाचा पंप आता उशाशी ठेवायला सुरुवात केली होती. निधीच्या सभागृहात मी आणि साहेब शेजारी शेजारी बसलो. समोर समितीच्या अध्यक्षा. सगळे त्यांना पाठीमागे नुसतं 'बाई' म्हणत, आणि बाई नकार द्यायच्या तेव्हा त्यांना दुसरा शब्द लागत नसे.

"परीक्षकांनी अहवाल वाचावा," बाई म्हणाल्या.

तो उठला. तोंड उघडलं. मिटलं. "मॅडम... हा अहवाल मी वाचणं योग्य नाही."

"का?"

"या प्रस्तावाच्या ज्या इंजिनिअर आहेत... त्या मला आवडतात."

"चांगलं काम करणारी माणसं मलाही आवडतात. वाचा."

"तसं नाही, मॅडम." त्याचे कान लालबुंद झाले होते. "माझं त्यांच्यावर प्रेम आहे."

साहेबांच्या हातातलं पेन घरंगळत टेबलाखाली गेलं. बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या बाजूनेही तसंच आहे? नसेल, तर हा यांचा एकट्याचा वेडेपणा. अहवाल आज बघता येईल. असेल, तर अहवाल रद्द. पुन्हा पहिल्यापासून मोजणी, आणि त्याला वेळ लागेल. नीट विचार करून सांगा."

विचार? फक्त एक 'नाही' म्हणायचं होतं. एक 'नाही', आणि उन्हाळ्याआधी पाइप जमिनीत. साहेब डोळ्यांनी अक्षरशः पाया पडत होते. आईचा खोकला मला तिथे बसल्या बसल्या ऐकू येत होता. आणि तो समोर उभा होता, सगळ्यांसमोर उघडा पडलेला. माझ्याकडे बघतही नव्हता, माझ्यावर दडपण येऊ नये म्हणून.

"हो," मी म्हणाले. "माझ्याही बाजूने तसंच आहे."

बाहेरच्या व्हरांड्यात मी त्याच्यावर तुटून पडले. "मंजुरीनंतर सांगता येत नव्हतं? जीव चालला होता का लगेच?"

"नंतर सांगितलं असतं, तर मंजुरी नक्की कशामुळे मिळाली, हे तू जन्मभर स्वतःला विचारत राहिली असतीस."

तू. पहिल्यांदाच. एवढ्या संतापातही ते माझ्या कानाने टिपलं.

"आणि आधी आग लागली तर? माझ्या आईला काही झालं तर? मी तुला कधीच माफ करणार नाही, सांगून ठेवते!"

"माहीत आहे मला," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता त्याचा.

निर्णय होईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोलायचं नाही, असं बाईंनी बजावलं. तो दुसऱ्या शहरातल्या त्याच्या कार्यालयात परत गेला. जाताना एकदा वळून पाहिलं त्याने. मी हात केला नाही, आणि नंतर त्याचाच पश्चात्ताप करत बसले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता तोफ सुटणार. आई म्हणाली, "हो म्हणालीस ना? मग आता माझ्या खोकल्याचं निमित्त करून रडू नकोस. खोकला माझा आहे, तुझा नाही."

दुसरी मोजणी बाईंनी स्वतःच घेतली. डोक्याला रुमाल बांधून भर उन्हात त्या खुणेखुणेपाशी बसत, आकडे टिपत आणि काही बोलत नसत. साहेबांनी माझ्याशी अबोला धरला होता. मी रोज जाग आली की आधी खिडकीकडे जायची, धूर दिसतोय का बघायला. फोन वाजला की दचकायची. त्याचा नसणार हे माहीत असूनही.

एक दिवस बाई यंत्राशिवाय आल्या.

"तुमच्या त्या माणसाचे आकडे चुकलेत," त्या म्हणाल्या.

म्हणजे त्याने खरंच माझ्यासाठी आकडे फुगवले होते? लोक म्हणत होते ते...

"एकूण एक ठिकाणी कमी," बाई पुढे म्हणाल्या. "जिथे जरा शंका आली, तिथे खाली ओढलंय. एवढ्याशा गॅसला निधी पैसे देत नाही. तुमच्यावर मेहेरबानी होऊ नये म्हणून त्या शहाण्याने तुमच्याच मुळावर घाव घातला होता! त्याचा अहवाल त्या दिवशी वाचला असता, तर मी जागच्या जागी नाही म्हणाले असते." आणि बाई चक्क हसल्या. "माझ्या आकड्यांत तुमचं काम बसतं. समितीने काल मंजुरी दिली. पाइप मागवा. आणि आता त्याच्याशी बोलायला हरकत नाही."

मी तिथेच, कचऱ्यात, खाली बसले. त्या दिवशी 'नाही' म्हणाले असते तर पाइपही गेले असते आणि तोही.

मग फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"मंजूर झालं," मी म्हणाले.

तिकडून आधी नुसता श्वास सुटल्याचा आवाज आला. मग घाबरत घाबरत, "काकू?"

"आई बरी आहे. आधी हे सांग, किती कमी लिहिलंस रे?"

"फार नाही... जिथे जिथे तू आठवलीस, तिथे थोडं थोडं."

"कुठे कुठे आठवले?"

तो म्हणाला, "सगळीकडेच."

मी रडत होते, हसत होते आणि चिडलेही होते. सचोटीपायी या माणसाने आमच्या घराला काडी लावली असती! "अवघड आहे तुझं," मी म्हणाले. "तुझ्याबरोबर संसार करायचा म्हणजे माझ्या वाट्याचं सगळं तू कमीच करून ठेवणार."

"...संसार?"

शब्द तोंडातून निसटला होता. मागे घेता आला असता, पण नाही घेतला. "हो, संसार," मी म्हणाले.

पलीकडे खुर्ची मागे सरकली. दाराचा आवाज झाला. मग जिना उतरणारी पावलं.

"कुठे निघालास?"

"तुझ्याकडे. फोन ठेवू नकोस हं... मला भीती वाटतेय."

"मलाही," मी म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून त्याची पावलं ऐकत राहिले.